मुकीं यंत्रें आणि त्यांचे मालक

संग्रह आणि संचय या दोन शब्दांचे अर्थ कोशांत जवळजवळ सारखेच दिलेले आढळतात. पण व्यवहारांत त्यांच्यामध्यें महदंतर आहे. मुंगी संचय करते, व्यापारी साठा करतो, कृपण पुंजी करतो. परंतु यांपैकीं कोणासही आपण संग्राहक म्हणत नाहीं. ज्याच्या हातीं वस्तु आल्यानें त्या वस्तूविषयींचें जगाचें ज्ञान वाढतें तो संग्राहक. आणि ज्याच्या हातीं ती गेल्यानें जगाच्या दृष्टीनें ती नाहींशी होते तो केवळ मालक. पोथ्या, ताम्रपट व जुनीं दप्तरें यांच्या बाबतींत हा भेद आपल्याकडे पुष्कळ वादावादीनंतर मान्य झाला आहे. परंतु गेल्या अर्धशतकांत जन्मलेल्या आणि तितक्याच वेगानें कालबाह्य ठरलेल्या विद्युद्यंत्रांच्या बाबतींत तो फारसा कोणी मनावर घेतलेला दिसत नाहीं. अशीं यंत्रें जमविण्याचा छंद पाश्चात्य देशांत, विशेषतः अमेरिकेंत, चांगलाच फोफावला आहे. त्या छंदाच्या एका लहानशा शाखेविषयीं, म्हणजे हौशी लोकांच्या पॅकेट रेडिओच्या जुन्या सामग्रीविषयीं, आम्हांस येथें चार स्पष्ट शब्द लिहावयाचे आहेत.

पॅकेट रेडिओ म्हणजे काय, हें प्रथम थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. लांबलचक संदेश एकदम न धाडतां त्याचीं लहान लहान पुडकीं बांधावयाचीं. प्रत्येक पुडक्यावर धाडणाराचें व घेणाराचें नांव घालावयाचें. आणि शेवटीं आंतील मजकुरावरून काढलेला एक आंकडा, म्हणजे आपल्या शाळकरी गणितांतला ताळाच, जोडावयाचा. पलीकडचें यंत्र तोच ताळा पुन्हा करून पाहतें. जुळला तर पोंच देतें, न जुळला तर पुडकें टाकून देतें. पोंच आली नाहीं म्हणजे धाडणारें यंत्र तेंच पुडकें पुन्हा धाडतें. वाटेंत डोंगर आडवा आला तर तिसऱ्याच एखाद्या हौशी गृहस्थाचें यंत्र डाकचौकीचें काम करून पुडकें पुढें ढकलतें; अशा आठ चौक्यांचीं नांवें पुडक्यावर लिहिण्याची सोय नियमांत होती. एकाच लहरीवर अनेक माणसें अशा रीतीनें आळीपाळीनें आपापला पत्रव्यवहार करीत. आणि हें सर्व वेतनावांचून, जाहिरातीवांचून, केवळ हौसेखातर चाले.

ही कल्पना जन्मली विद्यापीठांत. हवाई विद्यापीठांत नॉर्मन अब्रॅमसन व त्यांचे सहकारी यांनीं १९७१ सालीं बेटांवरील यंत्रें रेडिओनें जोडून दाखविलीं. परंतु तिला घरोघरीं नेलें तें हौशी मंडळींनीं. १९७८ सालच्या मे महिन्याच्या ३१ तारखेस कॅनडांतील माँट्रियल येथील हौशी मंडळींनीं आपलें पहिलें पुडकें हवेंत सोडलें. १९८० सालीं व्हँकूव्हरच्या मंडळींनीं या कामाकरितां एक स्वतंत्र यंत्र सिद्ध केलें. त्यासच टर्मिनल नोड कंट्रोलर, संक्षेपानें टीएनसी, हें नांव रूढ झालें. त्याच वर्षीं अमेरिकेच्या सरकारनेंही अशा संदेशांस परवानगी दिली. पुढें ॲरिझोना संस्थानांतील टूसॉन येथील मंडळींनीं १९८३ सालीं टीएनसी-१ व १९८५ सालीं टीएनसी-२ असे दोन संच काढले. दरम्यान १९८४ च्या ऑक्टोबरांत एएक्स.२५ या नांवाचे संभाषणाचे नियम सुधारून छापले गेले. टूसॉनकरांनीं आपली रचना गुप्त ठेविली नाहीं. कारखानदारांस ती वापरूं दिली, आणि त्यांतूनच एमएफजे, पॅककॉम इत्यादींचीं यंत्रें बाजारांत आलीं. ज्ञान दडवून न ठेवतां तें वांटल्यानें वाढतें, याचें इतकें सरळ उदाहरण विरळाच सांपडेल.

असें हें टीएनसी म्हणजे जाडशा ग्रंथाएवढा एक डबा. एका बाजूस संगणक जोडावयाचा, दुसऱ्या बाजूस रेडिओ. टीएनसी-२ च्या आंत झेड-८० जातीची चिप, थोडीशी स्मृति, आणि अक्षरांचे सूर व सुरांचीं अक्षरें करणारीं मंडलें. समोर चारपांच मिणमिणते दिवे. सूर दोनच, १२०० व २२०० हर्ट्‌झचे. गति सेकंदास १२०० बिट, म्हणजे फार तर दीडशें बाइट. या गतीचा अर्थ वाचकांच्या लक्षांत यावा म्हणून एक हिशेब देतों. प्रस्तुत लेख देवनागरींत आजच्या पद्धतीनें सांठविला तर सुमारें चाळीस हजार बाइट भरेल. वाटेंत एकही पुडकें हरवलें नाहीं, आणि मध्येंच दुसरें कोणीं तोंड उघडलें नाहीं, असें धरून चाललें तरी तो पोंचण्यास साडेचार मिनिटें लागतील. प्रत्यक्षांत याच्या कितीतरी पट वेळ लागेल. अशा गतीवर जे लोक पत्रें लिहीत ते मोजकें लिहीत. जेथें प्रत्येक शब्द शेजाऱ्याच्या वेळांतून उसना घ्यावा लागतो, तेथें पाल्हाळास आपोआपच आळा बसतो.

आतां या यंत्रांच्या संग्रहाविरुद्ध जे आक्षेप घेतले जातात त्यांचा विचार करूं. पहिला आक्षेप व्यवहारज्ञांचा. ते म्हणतात, ‘जें काम आज खिशांतला फोन क्षणांत करतो, त्याचे मोडके पूर्वज जपून ठेवण्यांत काय शहाणपण आहे? ही अडगळ आहे, व अडगळीची जागा भंगारवाल्याच्या दुकानांत.’ हा आक्षेप आम्हांस अपरिचित नाहीं. इतिहासाचार्य राजवाड्यांच्या काळीं जुन्या दप्तरांविषयींही लोक असेंच बोलत, आणि कैक कागद वाण्याच्या पुड्या बांधण्यांत खर्ची पडले. कागद गेल्यावर इतिहास गेला, हें कळावयास आपल्याला उशीर लागला.

शिवाय निरुपयोगी म्हणून हिणविलेल्या या खटपटींतून काय निघालें तें पाहावें. दोन केंद्रें एकमेकांस ऐकूं येत नाहींत, पण तिसऱ्यास दोन्ही ऐकूं येतात, अशा ठिकाणीं दोघें एकदमच बोलूं लागतात व तिसऱ्याच्या कानीं नुसता गोंगाट पडतो. ही अडचण हौशी मंडळींच्या नित्य अनुभवाची. फिल कार्न यांनीं १९९० सालीं त्यांच्याच एका परिषदेंत एक छोटासा निबंध सादर केला. आधीं ‘बोलूं का?’ असें इवलेंसें पुडकें धाडावें, ‘बोल’ असें उत्तर आल्यावरच मोठें पुडकें सोडावें, आणि तें उत्तर ज्यांच्या कानीं पडेल त्यांनीं तेवढा वेळ गप्प बसावें, असा त्याचा मथितार्थ होता. आज घरोघरीं असलेल्या वाय-फायच्या नियमांत परवानगी मागण्याची जी रीत आहे, तिचा मागोवा घेत गेल्यास आपण या निबंधापाशीं येतों. तसेंच उपग्रहांचें. १९९० च्या जानेवारींत कांहीं चिमुकले हौशी उपग्रह अंतराळांत सोडण्यांत आले. त्यांतील कांहीं एका देशावरून जातांना पुडकीं पोटांत घेत व दुसऱ्या देशावर आल्यावर तीं खालीं टाकीत. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनीं बनविलेला सुमारें एक किलो वजनाचा ‘स्वयम्’ हा उपग्रह २०१६ सालच्या जून महिन्याच्या २२ तारखेस श्रीहरिकोट्याहून उडाला. त्याचाही उद्देश हौशी लोकांचे संदेश एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं पोंचविण्याचाच होता. ज्या वंशाचा एक अंकुर आपल्या पुण्यांत फुटला, त्याच्या मूळपुरुषास अडगळ म्हणण्यापूर्वीं निदान आपण तरी थोडें थांबावें.

आणि बाजारभाव हीच ज्यांची कसोटी आहे त्यांच्याकरितां एक गोष्ट सांगतों. १९८१ सालीं या हौशी जाळ्याकरितां इंटरनेटवरील ४४ या आंकड्यानें आरंभ होणारे सर्व पत्ते, म्हणजे १,६७,७७,२१६ पत्ते, राखून ठेवण्यांत आले. त्या वेळीं त्यांची किंमत शून्य होती. २०१९ सालीं त्यांपैकीं चौथा हिस्सा ॲमेझॉन या कंपनीस कोट्यवधि डॉलरांस विकला गेला. आम्हांस विचारल्याशिवाय हें कसें झालें, म्हणून पुष्कळ हौशी मंडळी रागावली, व त्यांचा राग अगदींच निष्कारण होता असें आम्ही म्हणत नाहीं. पण त्याच पैशांतून देणग्या निघूं लागल्या, आणि अशा एका देणगीवर २०२२ सालीं इंटरनेट अर्काइव्ह या संस्थेनें हौशी रेडिओच्या जुन्या कागदपत्रांचें ग्रंथालय उभारण्यास आरंभ केला. तेव्हां, अमुक वस्तूस कांहीं किंमत नाहीं हें व्यवहारज्ञांचें विधान कोणत्या सालचें आहे, हें विचारूनच त्यावर विश्वास ठेवावा.

दुसरा पक्ष खुद्द संग्राहकांतलाच आहे, आणि आमचा खरा वाद त्याच्याशीं आहे. या पक्षास यंत्र हवें असतें, पण तें कोरें हवें असतें. खोक्याची चिकटपट्टी फाटलेली नसावी. पिशवींतले सुटे भाग पिशवींतच असावे. डाख देण्याच्या लेखणीचा स्पर्शही झालेला नसावा. टीएनसी-१ वरून हीथकिट कंपनीनें एचडी-४०४० या नांवाचा एक जोडणीचा संच काढला होता. घेणारानें घरच्या टेबलावर बसून, पुस्तकांत पाहून, एकेक भाग स्वहस्तें बसवावा, यासाठींच असे संच विकले जात. आज अशा संचांच्या बाजारांत जोडलेल्यापेक्षां न जोडलेल्यास अधिक भाव येतो! म्हणजे ज्या संचानें आपलें काम केलें, ज्यावर कोणा बापलेकांनीं रात्री घालविल्या, तो कमी मोलाचा. आणि ज्याच्या नशिबीं चाळीस वर्षें अंधारकोठडी आली तो बहुमोल. कोऱ्या पोथीस लिहिलेल्या पोथीपेक्षां जास्त दाम देणाऱ्या गृहस्थास आपण विद्वान् म्हणूं काय? मग यास संग्राहक कां म्हणावें?

यांत केवळ अभिरुचीचा प्रश्न असता तर आम्हीं लेखणी उचललीच नसती. ज्याचे पैसे त्यानें हवे तेथें उधळावे. परंतु हें कोरेपण जपण्यांत वस्तूचाच नाश होत आहे. या यंत्रांचे सर्व शहाणपण ईप्रॉम नांवाच्या चिपेंत सांठविलेलें असतें. तिच्या पाठीवर कांचेची खिडकी असते, व तींतून अतिनील किरण गेले म्हणजे आंतील लेख पुसतो. म्हणून तिच्यावर कागदाची चिकटी लावलेली असते. चिकटी गळून पडली तर प्रकाशानें, आणि न पडली तरी काळानें, आंतील विद्युद्भार थोडाथोडा झिरपत जातो. सेटिंगें लक्षांत ठेवणारी बॅटरी केव्हांच मेलेली असते, व पुष्कळदां फुटून तिचा क्षार तांब्याच्या रेघा खाऊं लागलेला असतो. कंडेन्सर कोरडे पडतात. ही क्रिया खोकें बंद असल्यानें थांबत नाहीं. उलट बंद असल्यामुळें ती कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं, इतकेंच. मालक मोठ्या अभिमानानें खोक्याकडे पाहत असतो, आणि आंत पाटी हळूहळू पुसली जात असते.

पाटीवर काय होतें याची एक कथा आहे. १९८७ सालीं नेट/रॉम नांवाचा एक लेख निघाला. टीएनसी-२ मधली मूळ चिप काढून ही बसविली कीं तेंच यंत्र जाळ्याचा नाका बनून पुडक्यांस वाट दाखवूं लागे. थोड्याच दिवसांत जर्मनींतील हौशी मंडळींकडून द-नेट नांवाचा तसाच लेख आला. ही आमची नक्कल आहे, असा आरोप नेट/रॉमच्या कर्त्यांनीं केला, आणि मोठा वाद माजला. त्या वादांत न्याय कोणाचा, हें ठरविण्याची आज आम्हांस हौस नाहीं. पण ज्यास ठरवावयाचें असेल त्याच्यापुढें साधन एकच: निरनिराळ्या चिपांतील लेख काढून शेजारीं शेजारीं मांडणें. भांडारकर संस्थेंत महाभारताच्या पोथ्यांचे पाठभेद अक्षरशः असेच मांडले गेले. पोथ्या पेट्यांत कुलुपबंद राहिल्या असत्या तर चिकित्सित आवृत्ति निघाली नसती. यंत्रांचेही पाठभेद असतात, आणि ते खोक्यावरच्या चित्रावरून कळत नाहींत.

याहूनही मोठें वैगुण्य पुढेंच आहे. पॅकेट रेडिओ ही संभाषणाची कला आहे. घड्याळ एकटें चालतें, कॅमेरा एकटा चित्र घेतो, पण टीएनसी एकटें कांहींच करूं शकत नाहीं. त्याचें सारें कौशल्य ताळा, पोंच, धीर धरणें व पुन्हा प्रयत्न करणें यांत आहे, आणि या सर्वांस दुसरा लागतो. ज्या कपाटांत अशीं वीस यंत्रें ओळीनें मांडलेलीं आहेत, पण त्यांतील कोणतींही दोन एकमेकांशीं एक शब्द बोलत नाहींत, त्या कपाटांत पॅकेट रेडिओ नाहीं. केवळ पत्रा आहे.

तिसरा पक्ष अधिक बुद्धिमान् आहे, म्हणून त्यास अधिक आदरानें उत्तर दिलें पाहिजे. तो म्हणतो, ‘यंत्रें कशाला हवींत? त्यांचें सर्व काम आतां साध्या संगणकावरचा एखादा कार्यक्रम करतो, आणि अधिक चांगलें करतो.’ यांत अतिशयोक्ति नाहीं. डायरवुल्फ नांवाचा असा एक कार्यक्रम आहे; जुन्या टीएनसीस जीं क्षीण, वेडींवांकडीं पुडकीं उलगडत नसत, त्यांतलीं पुष्कळ तो सहज उलगडतो. ज्यास केवळ संदेश धाडावयाचा आहे त्यानें खुशाल तोच वापरावा. परंतु आमचा प्रश्न वेगळा आहे. १९८६ सालचा मनुष्य काय ऐकत होता, काय त्याच्या हातून निसटत होतें, व तें निसटूं नये म्हणून त्यानें कोणते नियम रचले, हें उत्तम कानाच्या कार्यक्रमावरून कळणार नाहीं. तें मंद कानाच्या यंत्रावरूनच कळेल. नव्या साधनाचें श्रेष्ठत्व तरी कशावरून ठरलें? जुनें यंत्र चालू स्थितींत शेजारीं होतें म्हणूनच तुलना झाली. दाखला जाळून मग गुण किती पडले हें सांगत सुटणें बरें दिसत नाहीं.

कोणी म्हणेल, ‘तर मग सर्वच यंत्रें जपावींत काय? घरांत माणसांस जागा पुरेना!’ नाहीं, असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. टीएनसी-२ च्या धर्तीचीं यंत्रें पुष्कळ निघालीं. त्यांतलें प्रत्येक वांचविणें शक्यही नाहीं व इष्टही नाहीं. आमची अपेक्षा थोडकी आहे. ज्यास संग्राहक म्हणवून घ्यावयाचें आहे त्यानें निदान दोन यंत्रें चालू ठेवावींत व तीं एकमेकांशीं बोलतीं करावींत. परवाना नसेल तर हवेंत कांहीं न सोडतां, दोहोंमध्यें तार जोडूनही तें साधतें. प्रत्येक चिपेंतील लेखाची नक्कल वेळींच काढून सार्वजनिक ग्रंथालयांत द्यावी. बिघडलेला भाग बदलावा, पण काय बदललें व केव्हां हें लिहून ठेवावें, आणि काढलेला भाग फेंकूं नये. दुरुस्ती हा दोष नव्हे, न नोंदलेली दुरुस्ती हा दोष आहे. माहितीपुस्तक, जोडणीचे नकाशे, आणि मूळ मालकानें समासांत पेन्सिलीनें केलेल्या खुणा यांस यंत्राइतकेंच महत्त्व द्यावें. आणि सर्वांत मुख्य म्हणजे, तें यंत्र कोणाचें होतें, कोणत्या गांवीं व कोणत्या टेकडीवर बसविलेलें होतें, त्यावरून कोण कोण बोलत, हें लिहून घ्यावें. ज्यांनीं तिशींत असतांना हे संच जोडले ते आज सत्तरीच्या घरांत आहेत. त्यांपैकीं पुष्कळ गेले. त्यांच्या तळघरांतील डबे जुन्याबाजारांत आले, व डब्यांबरोबर यावयाची हकीकत आली नाहीं. डबा पुन्हा मिळेल, हकीकत मिळणार नाहीं. आमच्या वाचकांपैकीं ज्यांचे आप्त त्या देशांत आहेत, त्यांच्या शेजारीं एखादा असा वृद्ध हौशी राहत असण्याचा पुष्कळ संभव आहे. त्याच्याकडे जाऊन यंत्राची किंमत विचारण्यापूर्वीं त्याचा वृत्तांत विचारावा, एवढेंच आमचें सांगणें आहे.

या मताचा आम्हांस आग्रह कां, असें कोणी विचारील तर उत्तर सोपें आहे. आजचीं जाळीं अफाट आहेत, पण तीं कोणाचीं आहेत हें आपण जाणतोंच. त्यांत आपण गिऱ्हाईक आहों, फार तर माल आहों. पॅकेट रेडिओचें जाळें लहान होतें, मंद होतें, चुकत होतें. परंतु त्याची प्रत्येक चौकी कोणातरी सामान्य गृहस्थानें स्वखर्चानें उभारलेली होती, आणि तो दुसऱ्याचें पुडकें दाम न घेतां पुढें धाडीत होता. अशीही एक व्यवस्था जगांत चालली होती, याचा पुरावा त्या चारपांच मिणमिणत्या दिव्यांत आहे. दिवे लागते ठेवले तर पुढच्या पिढीस तो पाहतां येईल. खोकें बंदच ठेवावयाचें असेल तर मालकानें आपल्यास मालक म्हणवून घ्यावें. संग्राहक ही पदवी त्याची नव्हे.